निर्वासिताची भूमिका कोणी करायची?

शाळा-कॉलेजांच्या मंचावर निर्वासितांविषयीचं नाटक बहुतेक वेळा अंधारात सुरू होतं. दुरून स्फोटाचा आवाज येतो. निळसर उजेडात डोक्यावर गाठोडी घेतलेली मुलं रांगेनं चालत येतात. एका मुलीच्या कडेवर कापडात गुंडाळलेलं बाळ असतं. कुंपणाशी गणवेशातला एक उंच मुलगा हात आडवा करून उभा असतो. तो ओरडतो, आई विनवते, बाळ रडतं आणि दिवे जातात. टाळ्या वाजत असताना पुढच्या रांगेतले काही जण डोळे पुसत असतात.

या प्रयोगामागची कळकळ खरी असते. तालमींसाठी शिक्षकांनी सुट्ट्या घालवलेल्या असतात, मुलांनी मनापासून काम केलेलं असतं. व्याख्यान आणि तक्ते यांच्यापेक्षा नाटक लवकर आत शिरतं, हेही खरं. तरीही असा प्रयोग पाहिला की मला त्या उंच मुलाची काळजी वाटते. त्याला एकच वाक्य दिलेलं असतं, तेही ओरडायचं. त्याच्यासमोरच्या टेबलावर कोणता कागद आहे, तो कोणत्या कायद्यानं बांधलेला आहे, त्याला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार आहे का, त्यानं ‘नाही’ म्हटलं तर त्याला कोण जाब विचारणार, यातलं काहीच नाटकात नसतं. तो दुष्ट असतो, एवढंच. आणि मंचावरच्या व मंचासमोरच्या बहुतेक मुलांच्या वाट्याला पुढच्या आयुष्यात येणार असते ती त्याचीच जागा, किंवा तिच्या आसपासची: कचेरीतला कारकून, अधिकारी, दुभाषा, डॉक्टर, घरमालक, मुख्याध्यापिका, शेजारी, मतदार.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. सामाजिक रंगभूमीतून निर्वासित आणि मानवी हक्क शिकवायचे असतील तर मुलांना निर्वासित बनवण्याचा सोस आधी सोडावा. ज्याच्या दारावर थाप पडते त्याला मंचाच्या मध्यभागी आणावं आणि त्याच्यावरचा उजेड विझू देऊ नये.

आपल्याकडे परकायाप्रवेश हा शब्द नाटकवाले फार प्रेमानं वापरतात. दुसऱ्याच्या देहात शिरून त्याचं सुखदुःख भोगावं, ही अभिनयाची मोठी कल्पना आहे. पण याच भाषेनं दुसरी गोष्टही सांगून ठेवली आहे: जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. तीन आठवड्यांच्या तालमीत कोणी त्या वंशाला जात नाही. गाठोडं डोक्यावर घेणाऱ्या मुलाला पक्कं ठाऊक असतं की पाऊण तासानं ते खाली ठेवायचं आहे आणि घरी जायचं आहे. निर्वासित असण्याचं मर्म नेमकं या खात्रीच्या अभावात आहे, आणि ती खात्री काढून घेण्याची ताकद कोणत्याच तालमीत नसते. मग हाती उरते कणव. तिच्यासोबत बहुधा एक हुश्श असतं, आपण सुरक्षित आहोत याचं. मुलं प्रामाणिकपणे सांगतातही, ‘आपण किती नशीबवान आहोत ते कळलं.’ निर्वासितांचा हक्क काय आणि आपलं कर्तव्य काय, हे या वाक्यात कुठेच नाही.

कणव वाईट असं मी म्हणणार नाही. पण कणवेवर सोडलेली माणसं कुठे जातात, याचा एक धडा इतिहासात लिहून ठेवलेला आहे.

जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ या गावी ३२ देशांचे प्रतिनिधी जमले. बैठकीचा पुढाकार अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा होता. मार्चमध्ये जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला होता, ज्यूंची ससेहोलपट जगाला दिसत होती आणि प्रश्न एकच होता: कोण किती जणांना घेणार? एकामागून एक प्रतिनिधी बोलायला उभे राहिले. सगळ्यांना दुःख झालेलं होतं, आणि ते त्यांनी नीट, सभ्य शब्दांत मांडलं. त्यानंतर आपल्या देशाला आणखी माणसं घेणं का शक्य नाही, तेही सांगितलं. कोणाकडे बेकारी होती, तर कोणी आम्ही आधीच पुष्कळ घेतले आहेत म्हणत होतं. ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी म्हणाले की आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाही आणि तो आयात करण्याची आमची इच्छाही नाही. मोठ्या संख्येनं माणसं घेण्याची तयारी एकट्या डॉमिनिकन रिपब्लिकनं दाखवली. पुढे इस्राएलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर तिथे निरीक्षक म्हणून बसून हे ऐकत होत्या.

पुढच्या वर्षी, मे १९३९ मध्ये, ‘सेंट लुइस’ नावाचं जहाज हॅम्बुर्गहून हवानाकडे निघालं. त्यावर ९३७ प्रवासी होते, बहुतेक ज्यू. क्यूबानं मोजक्यांना उतरू दिलं, अमेरिकेनं दार उघडलं नाही, जहाज युरोपात परतलं. परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या संहारकाळात मारले गेले.

आता वर्गात एव्हियाँ उभं करा. ३२ देश कशाला, सहा पुरेत. प्रत्येक गटाला एक देश द्यावा आणि दोन मिनिटांचं भाषण लिहायला सांगावं. अट एवढीच की भाषणात मनापासून सहानुभूती असावी आणि एकाही माणसाला घेण्याचं वचन नसावं. हे भाषण भराभर लिहून होतं. तेच या खेळाचं शिक्षण आहे. कोणी खलनायक व्हायला नको, आवाज चढवायला नको. चांगल्या घरातली, चांगल्या भाषेत बोलणारी मुलं छान भाषणं करतात, आणि ती संपल्यावर सूत्रधार जहाजाचा आकडा वाचून दाखवतो. त्यानंतरची शांतता निळ्या दिव्यांच्या नाटकानंतर पसरते त्या शांततेहून वेगळी असते, कारण ती स्वतःच्याच वाक्यांनंतर आलेली असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगानं हा विषय दयेच्या खात्यातून काढून कायद्याच्या खात्यात घालायचा प्रयत्न केला, तो याच अनुभवामुळे. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या १४ व्या कलमात म्हटलं आहे की छळापासून सुटण्यासाठी इतर देशांत आश्रय मागण्याचा आणि आश्रयाचा उपभोग घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मसुद्यात आधी आश्रय ‘मिळण्याचा’ हक्क होता. चर्चेत तो शब्द गेला. थाप मारण्याचा हक्क राहिला, दार उघडण्याची सक्ती राहिली नाही. एका शब्दाच्या या बदलाचा प्रवेश करायला दोन नट आणि एक दार लागतं. आधी जुन्या शब्दाप्रमाणे करून पाहावा, मग नव्या. दाराच्या आतल्या माणसाचं अंग दोन्ही वेळा कसं बदलतं हे मुलांना दिसतं, आणि कायद्याच्या भाषेत एकेका शब्दाचं वजन काय असतं ते पाठ न करता कळतं.

पुढे २८ जुलै १९५१ रोजी निर्वासितांच्या दर्जाविषयीचा करार झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एका कारणानं छळ होण्याची साधार भीती असल्यामुळे जो आपल्या देशाबाहेर आहे आणि त्या देशाचं संरक्षण घेऊ शकत नाही किंवा त्या भीतीपोटी घेऊ इच्छित नाही, तो निर्वासित. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता, १९६७ च्या प्रोटोकॉलनं ती मर्यादा काढली. याच कराराचं ३३ वं कलम सांगतं की जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला परत ढकलता येणार नाही. आणि ३१ वं कलम सांगतं की धोक्याच्या जागेहून थेट आलेल्या माणसानं तातडीनं हजर होऊन योग्य कारण दाखवलं, तर केवळ परवानगीविना सीमा ओलांडली म्हणून त्याला शिक्षा करायची नाही. ‘बेकायदेशीर’ हा शब्द या विषयात आपण किती सैल हातानं वापरतो ते हे कलम वाचल्यावर लक्षात येतं.

‘देशाबाहेर’ या शब्दासाठी जमिनीवर खडूची एक रेघ ओढावी. रेघेच्या अलीकडे उभा असलेला माणूस त्याच बॉम्बमुळे, त्याच भीतीनं घर सोडून आलेला असला तरी १९५१ च्या कराराच्या भाषेत निर्वासित नाही. तो अंतर्गत विस्थापित. एक पाऊल पुढे टाकलं की कायदा बदलतो. २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीनं विस्थापित झालेली होती असं संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था सांगते. त्यांत ७ कोटी ३५ लाख अंतर्गत विस्थापित होते आणि ४ कोटी २७ लाख निर्वासित. म्हणजे बहुसंख्य माणसं खडूच्या रेघेच्या अलीकडेच उभी आहेत. फळ्यावर लिहिलेल्या या आकड्यांकडे मूल पाहतं आणि विसरतं. रेघेपाशी स्वतः उभं राहून ‘मी अजून कोणीच नाही’ असं म्हणावं लागलं तर विसरत नाही.

दारातल्या माणसाला मध्यभागी आणण्याची कल्पना माझी नाही, ती फार जुनी आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक नाटककार एस्किलसनं आश्रय मागणाऱ्या स्त्रियांवर एक शोकांतिका लिहिली. सक्तीच्या लग्नातून सुटण्यासाठी डॅनाउसच्या पन्नास मुली इजिप्तहून समुद्र ओलांडून आर्गोस या ग्रीक शहराशी येतात आणि देवस्थानाशी बसून आश्रय मागतात. नकार मिळाला तर इथल्याच मूर्तींना गळफास घेऊ, असं त्या सांगतात. नाटकातली खरी कोंडी राजा पेलास्गसची आहे. आश्रय दिला तर युद्ध येणार, नाकारला तर आश्रितांना लाथाडल्याचं पाप शहराच्या माथी. तो म्हणतो, हे मी एकट्यानं ठरवू शकत नाही, लोकांना विचारावं लागेल. लोकांची सभा भरते, सगळे उजवे हात वर होतात आणि आश्रय मंजूर होतो.

गंमत अशी की ती सभा नाटकात दिसतच नाही. मुलींचा बाप येऊन तिथं काय झालं ते सांगतो. मला ही रिकामी जागा म्हणजे वर्गासाठी ठेवलेलं आमंत्रण वाटतं. न लिहिलेला तो प्रवेश विद्यार्थ्यांनी रचावा. सभेत उभं राहून कोण काय म्हणालं असेल? ज्याचा मुलगा सैन्यात आहे तो काय बोलेल? धान्याचं कोठार सांभाळणारा? ‘यांना घेतलं तर उद्या आणखी येतील’ असं म्हणणारा माणूसही सभेत असणारच, आणि त्याचं म्हणणं ज्या मुलाला पटत नाही त्याच्याकडेच ते मांडायला द्यावं, पूर्ण जोरानं. हात वर करण्याची वेळ येईल तेव्हा कोणावर दडपण नको. एस्किलसच्या आर्गोसमध्ये सगळ्यांनी हात वर केले म्हणून वर्गातही सगळ्यांनी करावेत असं नाही. ज्यांनी केले नाहीत त्यांना देवस्थानाशी बसलेल्या त्या बायकांना जाऊन निर्णय सांगावा लागेल, आणि ज्यांनी केले त्यांना पाणी, निवारा आणि पहारा यांची व्यवस्था आजच्या रात्रीपुरती तरी सांगावी लागेल.

आता आगुस्तो बोआल. सामाजिक रंगभूमीचं नाव निघालं की ब्राझीलच्या या दिग्दर्शकाकडे यावंच लागतं, आणि या विषयावर त्याचं बोट धरून चालताना मला एके ठिकाणी थांबावंसंही वाटतं. १९६० च्या दशकात साव पावलोची त्याची मंडळी ईशान्य ब्राझीलमधल्या गरीब शेतकऱ्यांपुढे नाटक करत फिरत होती. नाटकाच्या शेवटी नट बंदुका उंचावून, जमिनीसाठी रक्त सांडू या, अशा अर्थाचं गाणं म्हणत. एकदा एक शेतकरी भारावून त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, चला, आमच्या जमिनी बळकावणाऱ्याशी आत्ताच लढायला जाऊ, तुमच्या बंदुका घेऊन या. बंदुका लाकडी आहेत, असं नटांना सांगावं लागलं. बंदुका आमच्याकडे आहेत, तुम्ही तरी या, असं तो म्हणाला. आम्ही कलावंत आहोत, असं उत्तर मिळाल्यावर त्या शेतकऱ्याला उमगलं की तुम्ही सांडायला निघालात ते रक्त आमचं, तुमचं नव्हे. जे धोके आपण स्वतः पत्करणार नाही ते दुसऱ्याला सांगणारं नाटक पुन्हा करायचं नाही, असं बोआलनं तिथे ठरवलं.

१९७१ मध्ये लष्करी राजवटीनं त्याला पकडलं, त्याचा छळ केला, आणि मग अर्जेंटिना, पोर्तुगाल, फ्रान्स असं दीर्घ निर्वासन त्याच्या वाट्याला आलं. शोषितांची रंगभूमी म्हणून आज जगभर शिकवली जाणारी पद्धत पुष्कळशी या वाटेवर घडली. त्यातलं फोरम थिएटर सर्वांत परिचित. अन्यायाचा एक प्रसंग दाखवायचा, तो वाईट संपतो. मग तोच पुन्हा सुरू करायचा, आणि प्रेक्षकातल्या कोणीही ‘थांबा’ म्हणून मंचावर यायचं, शोषित पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं काही करून पाहायचं. पुढे १९९३ ते १९९६ या काळात बोआल रिओ द जानेरोचा नगरसेवक असताना अशा प्रयोगांतून आलेल्या सूचनांचे तेरा कायदे झाले. एखाद्या नाट्यपद्धतीनं एवढा पल्ला गाठल्याची उदाहरणं थोडी.

पण या पद्धतीचा पाया असा आहे की प्रेक्षक स्वतः त्या अन्यायाखाली जगतो आहे. शेतमजुरांपुढे शेतमजुराचा प्रसंग, घरकामगार बायकांपुढे घरकामगार बाईचा. मंचावर येणारी बाई उद्याच्या खऱ्या झटापटीची तालीम करत असते. नागरिकत्वाची कागदपत्रं घरच्या कपाटात सुरक्षित असलेल्या मुलांच्या वर्गात हेच फोरम थिएटर केलं तर काय होतं? एक हुशार विद्यार्थिनी ‘थांबा’ म्हणते, आश्रयार्थ्याची जागा घेते, ताठ मानेनं अधिकाऱ्याशी वाद घालते, कलमं सांगते आणि जिंकते. वर्ग टाळ्या वाजवतो. तिनं मंचावर काय काय सोबत नेलं ते कोणाच्या लक्षात येत नाही: स्वतःची भाषा, झोप झालेलं शरीर, मागे कोणी ओलीस नसल्याची निश्चिंती. आणि वर्ग नकळत शिकतो की पहिल्या वेळी तो माणूस हरला, कारण त्याला नीट बोलता आलं नाही. ज्या शेतकऱ्यानं बोआलला भानावर आणलं, त्याला हे पाहून काय वाटलं असतं?

दुसऱ्या टोकाचा सोपा उपाय म्हणजे अधिकाऱ्याची जागा घेऊन त्याला एकाएकी सज्जन करून टाकणं. बोआल अशा उपायाला जादू म्हणायचा आणि सूत्रधारानं ती उघडी पाडावी अशी अपेक्षा ठेवायचा. मग बदलायचं कोणाला? या पद्धतीनं काम करणाऱ्या अनेकांनी जे केलं तेच मला योग्य वाटतं: मधल्या माणसांना. प्रसंगात दुभाषा असतो, शेजारच्या टेबलावरची कारकून असते, जखम तपासणारा डॉक्टर असतो, रांगेत मागे उभा असलेला, सगळं ऐकलेला आणि घड्याळ पाहणारा एक जण असतो. या जागा विद्यार्थ्यांच्या आहेत. इथून केलेल्या प्रत्येक हालचालीची किंमत त्यांना मोजता येते. कारकून बाईनं ‘साहेब, या अर्जाला वकील मिळायला हवा’ असं म्हटलं तर तिची बढती जाईल का? प्रवेश दहा वेळा करून पाहावा. दहाही वेळा ते वाक्य उच्चारायला विद्यार्थी कचरतात की नाही, ते पाहण्यासारखं असतं.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटणारी तालीम आश्रयाच्या मुलाखतीची आहे, आणि तिच्यात निर्वासिताचं सोंग कोणालाच घ्यावं लागत नाही.

एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. एकीवर अधिकारी, दुसरीवर विद्यार्थी स्वतः म्हणून, स्वतःच्याच नावानं. त्यानं गेल्या वर्षभरात केलेल्या एखाद्या साध्या प्रवासाबद्दल सांगायचं. अधिकारी विचारतो: तारीख कोणती? निघालात तेव्हा किती वाजले होते? शेजारी कोण बसलं होतं? पिशवीचा रंग? वाटेत किती वेळा थांबलात, कुठे, किती वेळ? उत्तरं लिहून ठेवायची. आठवडाभरानं दुसऱ्या अधिकाऱ्यानं, पहिली नोंद न पाहता, तेच प्रश्न वेगळ्या क्रमानं विचारायचे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. तारीख हलते, थांबे बदलतात, पिशवी कधी निळी असते कधी काळी. सुखाचा, भीतीचा लवलेश नसलेला प्रवास, सांगणारा प्रामाणिक, आणि तरी जबाब जुळत नाहीत.

खऱ्या मुलाखतीत अशी तफावत खोटेपणाचा पुरावा म्हणून वाचली जाऊ शकते. भयंकर आघातानं आठवणींचा क्रम विस्कटतो, काही तुकडे लख्ख राहतात आणि काही पुसले जातात, हे ठाऊक असूनही. मुलाखत दुभाष्यामार्फत चालली असेल तर आणखी एक चाळण. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मार्गदर्शिकेत दोन तत्त्वं घातलेली आहेत: तथ्यं शोधण्याची जबाबदारी अर्जदार आणि तपासणारा या दोघांची आहे, आणि अर्जदारानं आपल्या परीनं सर्व प्रयत्न केले असतील व त्याचं म्हणणं एकूण विश्वासार्ह असेल तर उरलेल्या संशयाचा फायदा त्याला मिळावा. ही तत्त्वं तालमीच्या आधी शिकवू नयेत. दोन कागद शेजारी ठेवल्यावर मुलं स्वतःच विचारतात, ‘मग ठरवायचं कसं?’ तेव्हा ती पुढे करावीत.

त्यानंतर अधिकारी झालेल्या विद्यार्थ्यानं निर्णय लिहायचा, एक पान, कारणांसह. ‘विश्वास बसत नाही’ एवढं लिहून चालणार नाही. कशावर बसत नाही, का, आणि तो माणूस खरं बोलत असेल तर या निर्णयाचा परिणाम काय, हेही लिहायचं. सही करायची. तो कागद वर्गात वाचला जाणार आहे, हे आधीच माहीत असू द्यावं.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो मी झटकणार नाही. मुलांच्या हाती शिक्का दिला की त्यांना तो आवडू लागतो. पहिले दोन शिक्के दबकत उमटतात, पाचवा धाडकन. १९६८ मध्ये जेन एलियट या अमेरिकी शिक्षिकेनं तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून वरचे आणि खालचे ठरवलं होतं. वरची ठरलेली मुलं काही तासांत आपल्याच मित्रांना हिणवू लागली. लहान मुलांवर न विचारता केलेला तो प्रयोग आज मला करवणार नाही, पण त्यातून दिसलेली गोष्ट नाकारताही येत नाही. म्हणून नाटकाइतकाच वेळ नाटकानंतरच्या बोलण्याला हवा. बिल्ला काढून टेबलावर ठेवायचा, स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारायचं, भूमिकेत असताना अंगात काय आलं ते सांगायचं. शिक्का धाडकन उमटला तिथे प्रयोग थांबवून ‘हा आवाज कुठून आला?’ असं विचारायचं. एवढा वेळ ज्याच्याजवळ नाही त्यानं ही तालीम हाती घेऊ नये. अपुऱ्या वेळात केलेलं व्याख्यान फार तर कंटाळवाणं होईल, अपुऱ्या वेळात केलेली तालीम इजा करू शकते.

दुसरा आक्षेप: दारातल्या माणसावर उजेड टाकला तर निर्वासित पुन्हा अंधारात जाणार नाहीत का? त्यांच्यातर्फे दुसऱ्यांनी रडावं, यापेक्षा त्यांनी स्वतः लिहावं, दिग्दर्शन करावं, अशा तालमीत चुका दाखवायला यावं, आणि त्या कामाचा मोबदला घ्यावा, हे मला कितीतरी पटीनं योग्य वाटतं. मात्र वर्गात एखादं निर्वासित मूल असेल तर ‘तुझी गोष्ट सांग ना’ असं त्याला कधीही म्हणू नये. त्या घरानं ती गोष्ट सीमेवर सांगितली आहे, छावणीत सांगितली आहे, वकिलाला आणि डॉक्टरला सांगितली आहे, आणि दर वेळी तिच्यावर काहीतरी अवलंबून होतं. शिक्षिकेची प्रेमळ विनंती त्या मुलाच्या कानाला आणखी एका मुलाखतीसारखीच ऐकू येते. १९८९ चा बालहक्क करार मुलाला आपलं मत मांडण्याचा हक्क देतो. गप्प राहण्याचाही मान त्यातच आला पाहिजे.

निर्वासिताला पुढे आणूनही परीक्षा यजमानाची घेता येते, हे २०२१ मध्ये एका बाहुलीनं दाखवलं. साडेतीन मीटर उंचीची ‘लिटल अमल’, नऊ-दहा वर्षांची सीरियन मुलगी, तुर्कस्तानातल्या, सीरियाच्या सीमेजवळच्या गाझिआन्तेपहून निघून सुमारे ८००० किलोमीटरचा प्रवास करत मँचेस्टरला पोहोचली. ती बोलत नव्हती. बोलायचं होतं ते वाटेतल्या गावांना. अनेक ठिकाणी मुलं फुलं घेऊन आली, बँड वाजले. ग्रीसमधल्या लारिसात तिच्यावर दगडही आले. वेताच्या बाहुलीवर. प्रत्येक गावानं आपापला प्रवेश केला आणि तो सगळ्यांनी पाहिला.

राहता राहिला राजकारणाचा आक्षेप, की शाळेनं मुलांना अशा वादाच्या विषयात एका बाजूला ओढू नये. माझ्या मते रडवणारं नाटकच जास्त ओढतं, कारण अश्रूंशी वाद घालता येत नाही. आर्गोसच्या सभेत ‘नको’ म्हणणाऱ्याला जागा आहे. फक्त त्याला खऱ्या माहितीवर बोलावं लागेल. जगातले निर्वासित श्रीमंत देशांवर लोटताहेत असं तो म्हणाला तर त्याला दाखवावं लागेल की २०२४ अखेर सुमारे ७३ टक्के निर्वासितांना आणि संरक्षणाची गरज असलेल्यांना कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांनीच सामावलेलं होतं. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्क शिक्षणाविषयी जो जाहीरनामा केला त्यात तीन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत: हक्कांविषयीचं शिक्षण, हक्क पाळत दिलेलं शिक्षण, आणि हक्कांसाठी उभं राहण्याचं बळ देणारं शिक्षण. आपले अभ्यासक्रम यातल्या पहिल्या गोष्टीपाशी थांबतात. रडवणारी नाटकं घाईनं तिसरीकडे उडी मारतात. शिकणाऱ्याला असहमत होण्याची मोकळीक ही दुसरी, आणि रंगभूमी ती देऊ शकते.

सुरुवात करणाऱ्यांनी सीमेपासून करूच नये, असं मी सुचवीन. शाळेपासून करावी. १९५१ च्या कराराचं २२ वं कलम सांगतं की प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना नागरिकांसारखीच वागणूक मिळाली पाहिजे. प्रसंग सोपा आहे. जन्मदाखला नसलेलं, मागच्या शाळेचा कागद नसलेलं, भाषा न येणारं एक मूल शाळेच्या कचेरीत येतं. कारकून आहे, मुख्याध्यापिका आहेत, बाहेर बाकावर बसलेले दोन पालक आहेत. वय कसं ठरवायचं? कोणत्या इयत्तेत बसवायचं? नमुन्यातला ‘मागील शाळा’ हा रकाना रिकामा ठेवता येतो का? हे सगळे प्रश्न विद्यार्थ्यांना तोंडपाठ असलेल्या जगातले आहेत, म्हणून त्यांची उत्तरं खोटी निघत नाहीत.

आणि या प्रसंगात एक भूमिका त्यांना काहीही सोंग न घेता करता येते, वर्गात आधीपासून बसलेल्या मुलाची. दार उघडतं. बाई कोणाला तरी घेऊन उभ्या आहेत. बाकं भरलेली आहेत. सूत्रधारानं इथे एक शब्दही बोलू नये, फक्त कोण सरकतं ते पाहावं.